मोलगीच्या मुलाच्या शेजारी कोण बसते?

९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने एक अधिसूचना काढून, ज्या विनाअनुदानित खासगी शाळेच्या एक किलोमीटर परिघात शासकीय किंवा अनुदानित शाळा आहे तिला शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी पंचवीस टक्के जागा राखून ठेवण्याच्या बंधनातून मोकळे केले. पालक व सामाजिक कार्यकर्ते न्यायालयात गेले, मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्या अधिसूचनेस स्थगिती दिली, १९ जुलै रोजी ती घटनाबाह्य ठरवून रद्द केली, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही त्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. त्या सहा महिन्यांत पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर येथील पालकांच्या जिवाची जी घालमेल झाली ती ज्यांनी जवळून पाहिली, त्यांना हा निकाल किती मोलाचा होता हे वेगळे सांगावयास नको. परंतु त्याच काळात नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, देवगोईचा घाट चढून गेल्यावर सातपुड्याच्या रांगांत वसलेल्या मोलगीच्या मुलखात, या साऱ्या वादाचा संबंध जवळजवळ कोणत्याच घराशी पोचत नव्हता; कारण जो कायदा मुलाच्या घरापासून एक किंवा फार तर तीन किलोमीटरांच्या आतील खासगी शाळा शोधतो, त्या कायद्याला डोंगराच्या सोंडेसोंडेवर विखुरलेल्या पाड्यांच्या भोवती शोधण्यासारखे फारसे काही सापडतच नाही.

हक्क एकच, कायदा एकच, आणि तरीही एका मुलाच्या बाबतीत तो उच्च न्यायालयापर्यंत झगडून मिळवता येतो व दुसऱ्याच्या बाबतीत त्याचा उच्चारसुद्धा निरर्थक ठरतो, ही विषमता मला फार दिवसांपासून अस्वस्थ करीत आली आहे. राज्यातील खासगी शाळांत कोण शिकते, कोणाच्या शेजारी बसून शिकते, आणि जे त्या शाळांत नाहीत त्यांच्या वाट्याला कोणते सहाध्यायी येतात, हा प्रश्न आपण नेहमी शहराच्या वेशीच्या आत राहून विचारतो. तो मोलगीत उभे राहून विचारला म्हणजे त्याचे स्वरूप पार पालटते.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे त्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती, तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते, आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या थोडी वर, म्हणजे राज्यातील सर्व जिल्ह्यांत सर्वांत कमी होती. मोलगीच्या परिसरात जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, शासकीय आश्रमशाळा आहेत, संस्थांनी चालविलेल्या अनुदानित आश्रमशाळा आहेत. आणि या शाळांच्या हजेरीपटावर नजर टाकली तर वसावे, पाडवी, वळवी, तडवी, पावरा याखेरीज आडनाव क्वचितच आढळते. लोकवस्तीच तशी आहे, तेव्हा यात नवल काय, असे कोणी म्हणेल. परंतु मोलगी हे काही केवळ आदिवासींचे गाव नव्हे. ते साऱ्या डोंगराळ टापूचे बाजाराचे गाव आहे. आमचूर, भगर, चारोळी, महू यांची तेथे उलाढाल होते. दुकानदार आहेत, ठाणे आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, निरनिराळ्या खात्यांचे नोकरदार आहेत. या मंडळींची मुले मोलगीच्या शाळांतून फारशी दिसत नाहीत. ती अक्कलकुव्यास, तळोद्यास, नंदुरबारला किंवा त्याहून दूर असतात, कारण त्यांच्या आईबापांना फी भरता येते व खोली घेऊन राहता येते. मोलगीची शाळा एकाच समाजाची राहिली ती कोणत्याही हुकमाने नव्हे. ज्यांना जाता आले ते निघून गेले म्हणून राहिली. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. आपल्या मुलाला चांगले शिक्षण मिळावे म्हणून बदलीच्या गावी एकटे राहणारा कर्मचारी काही अपराध करीत नाही. पण त्याच्यासारख्या पन्नास जणांनी घेतलेल्या पन्नास निर्दोष निर्णयांतून एका गावची शाळा एकाकी पडते, आणि त्या शाळेच्या गळक्या छपराविषयी तहसिलीत किंवा जिल्हा परिषदेत जाऊन अधिकारवाणीने बोलू शकेल असा पालक तिला उरत नाही, हेही तितकेच खरे आहे.

जे मोलगीत घडले तेच अधिक विस्तृत प्रमाणावर साऱ्या राज्यात घडले आहे. महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक शाळा आहेत. त्यांतील बहुसंख्य शाळा आजही शासनाच्या व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मालकीच्या आहेत, परंतु विद्यार्थ्यांची संख्या मोजू गेल्यास निम्म्याहून अधिक मुले खासगी व्यवस्थापनाच्या शाळांत, म्हणजे अनुदानित आणि विनाअनुदानित मिळून, शिकताना आढळतात. खासगी शाळा ही महाराष्ट्राला परकी वस्तू नव्हे; १८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानाचे तत्त्व मान्य केल्यापासून आपल्या प्रांतातील कितीतरी नामवंत विद्यालये लोकांच्या वर्गणीवर, शिक्षकांच्या त्यागावर आणि सरकारी अनुदानावर उभी राहिली, व त्यांच्या दारात गरिबाचा मुलगाही उभा राहू शकत होता. बदल झाला तो गेल्या तीन-चार दशकांत. विनाअनुदानित, कायम विनाअनुदानित, आणि २०१२ च्या अधिनियमानंतर स्वयंअर्थसहाय्यित, अशा क्रमाने शासनाने नव्या शाळांना परवानग्या दिल्या पण पैशाची जबाबदारी अंगावर घेतली नाही. आणि पैसा जेथे केवळ फीच्या रूपाने येतो तेथे फी हीच चाळणी होते, तिच्यातून कोण खाली पडते ते पाहावयास कोणी थांबत नाही.

ही स्थिती अटळ आहे असे ज्यांना वाटत असेल त्यांनी या प्रांताचा इतिहास आठवावा. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे आपले म्हणणे मांडताना महात्मा फुले यांनी हेच दाखवून दिले होते की शेतकऱ्याच्या घामातून जमा होणारा महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो आणि ज्याच्याकडून तो वसूल होतो त्याच्या मुलाला शाळेचा उंबरठाही दिसत नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचे ठरविले, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांसाठी चालणाऱ्या स्वतंत्र शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसामान्य शाळांत दाखल करून घेण्याचा हुकूम दिला. शाळा देणे ही एक गोष्ट आहे आणि तीच शाळा देणे ही दुसरी, हा विवेक त्या हुकमात होता. त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यास त्यांनी जे वसतिगृह उघडले त्यात सर्व जातीधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीस बसून जेवीत. ते वसतिगृह सरकारी नव्हते. आजच्या परिभाषेत ते खासगीच म्हणावे लागेल. पुढे १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाने समान शाळापद्धतीची व शेजारशाळेची शिफारस केली तेव्हा महाराष्ट्राला ती कल्पना अपरिचित वाटण्याचे काही कारण नव्हते. तिचा एक नमुना साताऱ्याच्या त्या वसतिगृहात चाळीस वर्षांपूर्वीच सिद्ध झाला होता. शिक्षणहक्क कायद्यातील पंचवीस टक्क्यांचे कलम, जे सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी वैध ठरविले, ते या परंपरेचे फार क्षीण, पण तरीही औरस असे अपत्य आहे.

आता मोलगीच्या मुलासाठी शासनाने काय केले ते पाहू. शेजारी खासगी शाळा नाही म्हणून मुलालाच खासगी शाळेच्या शेजारी नेऊन ठेवावे, असा विचार करून आदिवासी विकास विभागाने २०१० च्या सुमारास एक योजना आखली, जिला सर्वत्र नामांकित शाळा योजना या नावाने ओळखतात. अनुसूचित जमातीच्या मुलांना शहरांतील इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत दाखल करावयाचे, आणि त्यांच्या शिक्षणाचा, निवासाचा व भोजनाचा खर्च शासनाने शाळेला द्यावयाचा, असे तिचे स्वरूप आहे. राज्यातील शंभराहून अधिक शाळांत या योजनेखाली हजारो आदिवासी मुले आज शिकत आहेत, आणि दरसाल दरडोई पन्नास ते सत्तर हजार रुपयांच्या घरात रक्कम त्यांच्यासाठी शाळांना मिळते. शहरात पंचवीस टक्क्यांच्या कलमाखाली दाखल झालेल्या मुलामागे शासन जी प्रतिपूर्ती मान्य करते ती १७,६७० रुपये इतकी आहे. निवास व भोजन वजा करूनसुद्धा हा फरक लहान नाही. तात्पर्य, शासनाने आदिवासी मुलाच्या बाबतीत हात आखडता घेतला असे कोणाला म्हणता येणार नाही. माझी तक्रार पैशाच्या रकमेविषयी नाही. तो पैसा कशाबद्दल दिला जातो, याविषयी आहे.

जून महिन्यात मोलगीच्या एसटी थांब्यावर जो कोणी सकाळी उभा राहील त्याला हे दृश्य चुकत नाही. पत्र्याची एक नवी पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेले नाव, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले जातीचे प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड, जन्माचा दाखला यांच्या छायाप्रती, आणि या साऱ्या ऐवजाच्या शेजारी, सहा वर्षांचे, नवे बूट घातलेले, बुटांकडे वारंवार पाहणारे एक मूल. या कागदांसाठी त्याच्या बापाने अक्कलकुव्याच्या तहसिलीत आणि तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयात हेलपाटे घातलेले असतात. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कितीतरी कुटुंबे केवळ या दाखल्यांसाठी एका माणसाला गावी ठेवतात किंवा मध्येच माघारी धाडतात. यामागे किती मोठी आकांक्षा आहे हे ज्याला दिसत नाही त्याने या विषयावर लिहू नये. तो बाप आपल्या मुलाला मोठ्या शाळेत पाठवतो आहे, मोठ्या लोकांच्या मुलांबरोबर ते बसेल अशी त्याची समजूत आहे, आणि त्या समजुतीपोटी तो आपल्या सहा वर्षांच्या मुलाचा वियोग पत्करतो आहे.

ती समजूत खरी ठरते का? काही शाळांत ठरते, आणि त्या शाळांचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु या योजनेविषयी वेळोवेळी ज्या तक्रारी आल्या त्यांत एक सूर सतत उमटत आला आहे, तो असा की कित्येक ठिकाणी योजनेतून आलेल्या मुलांची तुकडी वेगळी, वसतिगृहाचा मजला वेगळा, कधी जेवणाची वेळही वेगळी. आणि काही शाळा तर अशा की त्यांच्या पटावर योजनेची मुलेच इतकी भरली की इतर मुले नावापुरती उरली. अशा शाळेत मोलगीच्या मुलाच्या शेजारी कोण बसते? अक्राणीचे मूल बसते, सुरगाण्याचे बसते, जव्हारचे बसते. ही मुले परस्परांची सोबती होतात यात वाईट काहीच नाही. भिन्न जमातींची, भिन्न बोलींची मुले एकत्र येतात हाही एक लाभच आहे. पण मग तीनशे किलोमीटर दूर जाऊन, आईला सोडून, त्या मुलाने मिळविले ते काय? एक आश्रमशाळाच, फक्त इंग्रजी पाटीची आणि दुप्पट खर्चाची. आणि त्या शाळेच्या गावात राहणाऱ्या डॉक्टराच्या, वकिलाच्या, व्यापाऱ्याच्या मुलाला सातपुडा म्हणजे काय, तेथील माणूस कसा हसतो, कसा रुसतो, कोणता खेळ खेळतो, हे कळण्याची जी संधी होती ती त्या भिंतीपलीकडे राहून गेली. दोन्ही मुलांचे नुकसान झाले, आणि शासनाच्या दफ्तरी मात्र दोन्हीकडे प्रवेशसंख्या पूर्ण भरलेली दिसते.

दफ्तराचा उल्लेख आलाच आहे, तर एक बारीकशी गोष्ट सांगतो. शाळेच्या जनरल रजिस्टरात आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मातृभाषेचा एक रकाना असतो. या भागातील मुलांचे जे दाखले माझ्या पाहण्यात आले त्यांतील बहुतेकांवर त्या रकान्यात मराठी असे लिहिलेले होते. ज्या घरात नोयरी, भिलोरी किंवा पावरी बोलली जाते, जेथे आजीला मराठीचे चार शब्द बाजारापुरते येतात, त्या घरच्या मुलाची मातृभाषा कारकुनाने सवयीने मराठी लिहिली, आणि त्या एका नोंदीने मुलाची सर्वांत मोठी अडचण कागदावरून पुसली गेली. हे मूल नामांकित शाळेत पोचते तेव्हा त्याला एक नव्हे, दोन अनोळखी भाषा एकाच वेळी शिकावयाच्या असतात. वर्गात इंग्रजी आणि मैदानावर, खोलीत, भोजनगृहात मराठी किंवा हिंदी. शिक्षिकेच्या लेखी मात्र ते मराठी मूल असते, जे का कोण जाणे, बोलत नाही. पहिल्या सत्रात गप्प बसलेल्या मुलाला मंद ठरविण्यास वेळ लागत नाही, आणि एकदा मंद ठरलेल्यांची वेगळी तुकडी करणे हे तर शिक्षणशास्त्राच्या नावाखाली सहज खपून जाते. जी भिंत जातीच्या नावाने उभारता आली नसती ती गुणवत्तेच्या नावाने उभी राहते.

सरमिसळीचे सारे ओझे आपण सहा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर टाकले आहे, हा माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. घर त्याने सोडावे, बोली त्याने सोडावी, अन्न त्याने बदलावे, सण त्याने विसरावे, आणि ज्या शाळेला त्याच्या येण्याचे पैसे मिळतात तिने मात्र आपल्या वर्गातील एक बाकही हलवू नये, ही वाटणी न्यायाची नव्हे.

याच मुलखात एक वेगळा प्रयोग झालेला आहे आणि तो दुर्लक्षून पुढे जाणे योग्य होणार नाही. सरदार सरोवराच्या बुडिताच्या विरोधात उभ्या राहिलेल्या नर्मदा बचाव आंदोलनाने १९९१-९२ च्या सुमारास चिमलखेडी आणि निमगव्हाण यांसारख्या नर्मदाकाठच्या गावांत जीवनशाळा सुरू केल्या. गावकऱ्यांनी कुडाच्या भिंती घातल्या, गावातलेच शिकलेले तरुण शिक्षक झाले, पहिले धडे मुलांच्या बोलीत दिले गेले, आणि चौथीपर्यंत शिकून निघालेली मुले पुढे पाचवीला इतर शाळांत जाऊ लागली. त्या आंदोलनाविषयी कोणाचे मत काही असो. शासनाच्या अनुदानावाचून चाललेल्या त्या शाळांनी एवढे निःसंशय सिद्ध केले की मूल आपल्या भाषेत, आपल्या माणसांत, चार वर्षे पाय रोवून उभे राहिले तर नंतर परक्या शाळेत जाताना ते कोसळत नाही. या शाळांनाही खासगीच म्हणावे लागते. एकाच शब्दाच्या छत्राखाली साताऱ्याचे वसतिगृह, चिमलखेडीची कुडाची शाळा आणि लाखोंची फी घेणारे निवासी विद्यालय ही तिन्ही येतात, म्हणून खासगी शाळा चांगल्या की वाईट हा वाद मला नेहमीच निष्फळ वाटत आला आहे. शाळा कोणाच्या मालकीची आहे यापेक्षा तिचा वर्ग कोणाकोणाचा बनला आहे हे पाहिले पाहिजे.

काही विचारवंत असे सुचवितात की ही योजनाच बंद करावी, तो पैसा आश्रमशाळांना द्यावा, आणि आदिवासी मुलांना त्यांच्या परिसरातच, त्यांच्या संस्कृतीत वाढू द्यावे. या सूचनेतील सद्भाव मला मान्य आहे. आश्रमशाळांना पैसा, इमारती, शिक्षक आणि रात्री जागी असणारी अधीक्षिका यांची निकड आहे यात संशय नाही. परंतु ही सूचना करणाऱ्यांची स्वतःची मुले कोणत्या माध्यमात आणि कोणत्या शाळांत शिकली, हे मोलगीचा बाप विचारल्यावाचून राहत नाही, आणि त्याला तो अधिकार आहे. त्याने इंग्रजी मागितली ती कोणाच्या भुलावणीने नव्हे. रुग्णालयातील चिठ्ठी, न्यायालयातील कागद, मोबाईलवरील संदेश, भरतीच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका या सर्वांत त्याने त्या भाषेची सत्ता स्वतः अनुभवलेली आहे. संस्कृतिरक्षणाचे कर्तव्य एकट्या आदिवासींवर सोपवून बाकीच्यांनी इंग्रजी शाळांच्या रांगेत उभे राहावे, हे कोणत्या न्यायाला धरून होईल?

तेव्हा योजना राहावी, पण तिचा पाया बदलावा. पहिलीच्या प्रवेशाचा आग्रह सोडून देऊन तो पाचवीवर न्यावा. पहिली ते चौथी हे शिक्षण मोलगीच्याच परिसरात, मुलाच्या बोलीपासून आरंभ करून मराठीकडे आणि मग इंग्रजीकडे नेणाऱ्या शाळेत व्हावे, आणि नामांकित योजनेतील एका मुलामागे जो खर्च शासन आज मान्य करते त्याच मानाने त्या शाळेवर खर्च करावा. सत्तर हजार रुपये दूरच्या संस्थेला द्यावयास तिजोरी समर्थ असेल तर मोलगीच्या शाळेच्या प्रयोगशाळेला, ग्रंथालयाला आणि बोली जाणणाऱ्या शिक्षिकेला द्यावयास ती असमर्थ आहे असे कोणी म्हणू नये. अशी शाळा उभी राहिली तर तेथील दुकानदाराचे आणि नोकरदाराचे मूलही हळूहळू घाटाखाली जाण्याचे थांबेल, आणि सरमिसळ ही केवळ डोंगरावरून शहराकडे वाहणारी गोष्ट राहणार नाही. वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचे जे विचार मधूनमधून डोके वर काढतात त्यांना या मुलखात थारा देऊ नये, हे ओघाने आलेच. पाड्यावरची शाळा गेली की चौथीपर्यंतचा हा पायाच उखडतो.

पाचवीपासून पुढे ज्या खासगी शाळेला शासनाचा पैसा मिळेल तिच्याशी करार मात्र नव्या प्रकारचा व्हावा. आज प्रवेश दिला की रक्कम देय होते. उद्या ती रक्कम दोन भागांत विभागावी. एक भाग निवास व शिक्षणाबद्दल, आणि दुसरा, जो लहान असू नये, तो योजनेतील मुले प्रत्येक तुकडीत इतर मुलांच्या बरोबरीने वाटली गेली आहेत, वसतिगृहाच्या खोल्या व भोजनगृह सामाईक आहे, याची तपासणी झाल्यानंतरच. शाळेच्या एकूण पटात योजनेच्या मुलांचे प्रमाण किती असावे याची वरची मर्यादाही ठरवावी, म्हणजे केवळ योजनेच्या पैशावर जगणाऱ्या शाळा आपोआप वगळल्या जातील. आणि मुले पाठविताना एकाच परिसरातील तीन-चार मुले एका वर्गात पडतील अशी काळजी घ्यावी; शंभर अनोळखी चेहऱ्यांत एकटे पडलेले मूल मिसळत नाही, मिटून जाते.

हे पडताळून पाहणे अवघड आहे काय? मुळीच नाही. प्रत्येक शाळा दरवर्षी आपला इयत्तावार आणि सामाजिक प्रवर्गवार पट शासनाच्या यूडायस प्रणालीत भरतेच. ती माहिती तुकडीवार मागवावी आणि शाळेच्या दारावर, प्रवेशाच्या हंगामात, फीच्या तक्त्याशेजारी लावण्याची सक्ती करावी. सर्व खासगी शाळांना करावी, केवळ नामांकित योजनेतील शाळांना नव्हे. कोथरूडच्या किंवा बोरिवलीच्या पालकालाही आपण कशा वर्गासाठी पैसे मोजतो आहोत हे कळले पाहिजे. पंचवीस टक्क्यांतून आलेली मुले दुपारच्या वेगळ्या वर्गात बसविली जातात की सकाळच्या त्याच तुकडीत, हे त्या एका कागदावरून उघड होईल. शाळाचालक म्हणतील की अशाने पालक बिथरतील आणि मुले काढून नेतील. काही नेतीलही. परंतु साताऱ्यास सर्व जातींची मुले एका पंगतीस बसली तेव्हाही लोक बिथरले होते, आणि त्या बिथरलेल्यांच्या नातवंडांनी पुढे रयतच्याच शाळांत शिक्षण घेतले.

या सूचनांचा आदेश निघावयाचा तर तो पुढील शैक्षणिक वर्षाचे अर्ज तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयात येऊ लागण्यापूर्वी निघाला पाहिजे, कारण एकदा पेट्या भरल्या गेल्या की कोणी आदेश वाचीत नाही. त्यात आणखी एक कलम असावे अशी माझी विनंती आहे, आणि ते किरकोळ समजले जाऊ नये. सातपुड्यात होळी हा एका रात्रीचा सण नव्हे. काठीची राजवाडी होळी रात्रभर जागून पहाटे पेटते, मोलगीची आणि आसपासच्या गावांची होळी वेगवेगळ्या दिवशी येते, व्रत घेतलेले बुध्या-बावा मोरपिसांचे टोप आणि कमरेला घुंगरू बांधून गावोगाव नाचतात, आणि गुजरातेत मजुरीला गेलेली कुटुंबे वर्षातून याच दिवसांत हमखास एकत्र सापडतात. शहरातील शाळा धुळवडीची एक दिवसाची सुट्टी देऊन मोकळी होते, वार्षिक परीक्षा तोंडावर असतात, आणि मोलगीच्या मुलाला आपले आईबाप ज्या आठवड्यात घरी असतात नेमका तोच आठवडा वसतिगृहात काढावा लागतो. या मुलांना होळीची पुरेशी रजा मिळावी, तीत परीक्षा ठेवू नयेत, येण्याजाण्याचे एसटीचे भाडे योजनेतून दिले जावे, आणि ज्या वर्गमित्रांच्या पालकांची इच्छा असेल त्यांनाही शिक्षकांसह त्या मुलांबरोबर मोलगीला येण्याची मुभा असावी. मोलगीची माणसे त्यांची राहण्याजेवण्याची व्यवस्था करतील.